पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेची वाटचाल

देशाच्या पंतप्रधानांना विज्ञानविषयक सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मंडळाला एकच नाव कधी लाभले नाही. स्वातंत्र्यानंतर ते अनेक नावांनी ओळखले गेले. कधी ते मंत्रिमंडळाची समिती होते, कधी नियोजनाची, तर कधी थेट पंतप्रधानांची परिषद. सरकारे बदलली तसे मंडळ विसर्जित झाले आणि पुन्हा नव्या रचनेत उभे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला या वेगवेगळ्या संस्था वाटतील. पण त्यांच्या कामाचे स्वरूप, त्यांत बसलेल्या माणसांची परंपरा आणि एका मंडळाने अर्धवट सोडलेले काम पुढच्या मंडळाने हाती घेण्याची रीत पाहिली, की ही एकाच संस्थेची सलग वाटचाल असल्याचे ध्यानात येते.

या वाटचालीची पूर्वतयारी स्वातंत्र्याआधीच सुरू झाली होती. 1938 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंकडे आले. या समितीमागे भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा आग्रह होता. उद्याच्या भारतात कारखाने, धरणे आणि वीज यांचे निर्णय शास्त्रज्ञांना विचारल्याशिवाय होऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे. महायुद्ध आणि नेत्यांचा कारावास यांमुळे समितीचे काम खंडित झाले, तरी राज्यकर्ते आणि शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसण्याची सवय तिथेच लागली. 1942 मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, स्थापन झाली आणि तिची धुरा शांतिस्वरूप भटनागर यांच्याकडे आली. 1943-44 च्या हिवाळ्यात रॉयल सोसायटीचे सचिव ए. व्ही. हिल भारतात आले. त्यांनी देशभरातील प्रयोगशाळा आणि विद्यापीठे पाहिली आणि भारतातील वैज्ञानिक संशोधनाची घडी कशी बसवावी यावर अहवाल दिला. स्वतंत्र भारताच्या सरकारला विज्ञानाचा सल्ला कोणी आणि कसा द्यावा, हा प्रश्न असा स्वातंत्र्यापूर्वीच कागदावर आला होता.

1948 मध्ये वैज्ञानिक कामाच्या समन्वयासाठी सल्लागार समिती नेमण्यात आली आणि पंतप्रधान नेहरू स्वतः तिचे अध्यक्ष झाले. फाळणीचे घाव ताजे होते, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या, धान्याची टंचाई होती. अशा वर्षी पंतप्रधानांनी शास्त्रज्ञांसाठी वेळ काढला, याचे मोल आज सहज कळत नाही. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि डॉ. होमी भाभा त्याचे अध्यक्ष झाले. संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून दिल्ली विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांना पाचारण करण्यात आले. भटनागर, भाभा आणि कोठारी ही तीन नावे पुढील काही वर्षे प्रत्येक महत्त्वाच्या बैठकीत दिसतात. प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या. पुण्यात पाषाण रस्त्यावर 3 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले, तेव्हा नेहरू स्वतः उपस्थित होते. पुढे या प्रयोगशाळेतील माणसे सल्लागार मंडळाच्या इतिहासात वारंवार भेटतात.

1 जानेवारी 1955 रोजी भटनागर यांचे निधन झाले आणि एक मोठा आधार गेला. 1956 मध्ये समितीची पुनर्रचना होऊन मंत्रिमंडळाची वैज्ञानिक सल्लागार समिती अस्तित्वात आली. विज्ञानाशी संबंधित खात्यांचे आणि संस्थांचे प्रमुख तिच्यात एकत्र बसत. ही समिती स्थिरावत असतानाच 4 मार्च 1958 रोजी सरकारने वैज्ञानिक धोरण ठराव स्वीकारला. शास्त्रज्ञांना चांगली सेवास्थिती द्यावी आणि धोरणे ठरवताना त्यांना सहभागी करून घ्यावे, हे त्या ठरावात स्पष्ट शब्दांत नोंदले गेले. सल्लागार मंडळाला तोवर पंतप्रधानांच्या इच्छेचा आधार होता. ठरावाने त्याला राष्ट्रीय धोरणाचा आधार मिळाला. परदेशातून परतणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना नोकरी मिळेपर्यंत काम करता यावे म्हणून सीएसआयआरने ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू केला, तोही याच वर्षी.

या पहिल्या पर्वात एक उणीवही होती आणि ती मान्य करायला हवी. समितीत बसणारे बहुतेक जण मोठ्या खात्यांचे प्रमुख होते. निधी मागणारे आणि निधी कुठे जावा हे सांगणारे जवळपास तेच. अणुऊर्जा आणि सीएसआयआर यांचा आवाज मोठा होता. विद्यापीठातील प्राध्यापकांचा, शेतीशास्त्रज्ञांचा आणि वैद्यकीय संशोधकांचा आवाज क्षीण राहिला. साहा यांनी संसदेत जाऊन, तिथे खासदार म्हणून बसून, विज्ञानाच्या धोरणावर टीका केली. समितीच्या बाहेरून आलेल्या त्या टीकेचाही या संस्थेच्या घडणीत वाटा आहे.

त्या काळातील कामाची सर्वांत ठळक खूण म्हणजे भाभांची इलेक्ट्रॉनिक्स समिती. 1962 च्या चीन युद्धाने संरक्षणसामग्रीतील परावलंबन उघडे पाडले होते. ऑगस्ट 1963 मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. देशात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, उपकरणे आणि संगणक कसे बनवता येतील, किती माणसे तयार करावी लागतील आणि दहा वर्षांत किती मजल मारता येईल, याचा तपशीलवार आराखडा समितीने आखला. जानेवारी 1966 मध्ये दोन आघात लागोपाठ झाले. 11 तारखेला ताश्कंदमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले आणि 24 तारखेला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले. त्यांच्या समितीचा अहवाल फेब्रुवारीत, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. अध्यक्ष गेले म्हणून काम थांबले नाही. 1967 मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभे राहिले, 1970 मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग आला आणि 1971 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग. या आयोगाचे अध्यक्षपद भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. जी. के. मेनन यांच्याकडे आले. भाभांच्या निधनानंतर, 1966 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मुंबईतील त्या संस्थेचे संचालकपद मेनन यांनी स्वीकारले होते. सल्ला देणारा माणूस नाहीसा झाला तरी लिहून ठेवलेला सल्ला मार्गाला लागतो, याचा पहिला मोठा पुरावा या अहवालाने दिला.

1968 मध्ये मंत्रिमंडळाच्या समितीच्या जागी विज्ञान व तंत्रज्ञान समिती आली. तिचे अध्यक्ष नियोजन आयोगाचे सदस्य बी. डी. नाग चौधरी होते. विज्ञानाचा सल्ला आणि पंचवार्षिक योजना यांची सांगड घालण्याचा हा पहिला प्रयत्न होता. तो फार काळ चालला नाही, पण त्याने दिशा दाखवली. 3 मे 1971 रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान समिती, म्हणजेच एनसीएसटी, कामाला लागली. मंडळाला प्रथमच एक सचिवालय मिळाले. टिपणे लिहिणारे, आकडेवारी जमवणारे, बैठकांची इतिवृत्ते सांभाळणारे अधिकारी मिळाले. त्यांची नावे कोणत्याही सन्मानफलकावर नाहीत, पण त्यांच्याशिवाय पुढचे काम झाले नसते.

एनसीएसटीचे अध्यक्ष सी. सुब्रमण्यम होते. कृषिमंत्री असताना त्यांनी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांवर विश्वास टाकला होता आणि 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आणण्याचा निर्णय पार पाडला होता. शास्त्रज्ञांचे ऐकून घेतल्यावर शेतात काय घडते, हे ज्याने प्रत्यक्ष अनुभवले आहे अशा मंत्र्याच्या हाती समितीची सूत्रे होती. या समितीने पाचव्या पंचवार्षिक योजनेसाठी देशाची पहिली विज्ञान व तंत्रज्ञान योजना तयार केली. शेती, खनिजे, औषधे, पोलाद, वीज, हवामान अशा अनेक क्षेत्रांसाठी उपसमित्या नेमल्या गेल्या आणि देशभरातील शेकडो शास्त्रज्ञ, अभियंते व उद्योगातील जाणकार त्यांत सहभागी झाले. एका खात्याचा सल्ला दुसऱ्या खात्याला विचारात घ्यावा लागेल, अशी ही रचना होती. त्यामुळेच ती अनेकांना अवघड वाटली. 1973 मधील तेलाच्या किमतींचा भडका, त्यामागोमागची महागाई आणि नंतर आणीबाणी या काळात निधी आटला. 1977 मध्ये सत्तांतर झाले, पाचवी योजना मुदतीआधीच, 1978 मध्ये संपवण्यात आली आणि एवढ्या परिश्रमाने बांधलेली विज्ञान योजना अर्धीच राबवली गेली. मंडळाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी निराशा. तरीही त्या उपसमित्यांत काम केलेली पिढी पुढे प्रयोगशाळांच्या आणि विभागांच्या प्रमुखपदांवर पोहोचली.

1981 मध्ये मंत्रिमंडळाची विज्ञान सल्लागार समिती पुन्हा उभी राहिली. तिचे अध्यक्षपद प्रथम स्वामिनाथन यांनी आणि नंतर मेनन यांनी भूषवले. या पर्वात जीवशास्त्राला पहिल्यांदा मानाचे स्थान मिळाले. 1982 मध्ये राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ स्थापन झाले आणि त्यातून 1986 मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आकाराला आला. पुणे विद्यापीठाच्या आवारात प्राणी ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा उभारण्यात आली. आज तीच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते. जानेवारी 1983 मध्ये तिरुपतीच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तंत्रज्ञान धोरण जाहीर केले.

सायलेंट व्हॅलीचा निर्णयही याच काळातला. केरळमधील या सदाहरित जंगलात जलविद्युत प्रकल्प व्हावा की नाही, यावर काही वर्षे वाद पेटला होता. इंदिरा गांधींनी मेनन यांच्या अध्यक्षतेखाली बहुशाखीय समिती नेमली. तिच्यात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. पुण्यात वाढलेल्या आणि हार्वर्डमधून परतलेल्या या तरुण प्राध्यापकाच्या दृष्टीने जंगलातील जैवविविधता ही मोजता येणारी, नोंदवता येणारी बाब होती. समितीचा अहवाल 1983 मध्ये आला आणि प्रकल्प मागे पडला. 1984 मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झाले. विजेची गरज खरी होती आणि राज्य सरकारचा आग्रहही मोठा होता. अशा प्रसंगी शास्त्रज्ञांच्या गटाचा शब्द मानला गेला, ही घटना या परंपरेच्या इतिहासात वेगळी उठून दिसते.

1986 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी मंडळाला नवे नाव दिले : पंतप्रधानांची विज्ञान सल्लागार परिषद. भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक आणि रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव तिचे अध्यक्ष झाले. मोठ्या खात्यांच्या प्रमुखांपेक्षा स्वतः संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांना या परिषदेत अधिक जागा मिळाली. पहिल्या पर्वातील उणीव येथे बऱ्याच अंशी भरून निघाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि माधव गाडगीळ हे दोघेही या परिषदेचे सदस्य होते. मराठी वाचकांना नारळीकर विज्ञानकथाकार म्हणून घराघरांत परिचित होते. दिल्लीच्या बैठकांतले त्यांचे काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नव्हते. याच वर्षांत त्यांनी विद्यापीठांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना अद्ययावत खगोलशास्त्राची दारे खुली करणारे आंतरविद्यापीठ केंद्र, आयुका, पुण्यात उभारण्याचे काम हाती घेतले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांचा त्यामागे भक्कम पाठिंबा होता. 1988 मध्ये आयुकाची स्थापना झाली.

त्याच सुमारास हवामान अंदाजासाठी लागणारा अतिशक्तिशाली संगणक अमेरिका भारताला द्यायला कचरत होती. बऱ्याच वाटाघाटींनंतर मर्यादित क्षमतेचे यंत्र मिळाले. देशातच असा संगणक बांधावा हा विचार बळावला आणि मार्च 1988 मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. हवामानाच्याच क्षेत्रात आणखी एक पुणेकर काम करत होते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा निकषांवर आधारलेले मान्सून अंदाजाचे प्रारूप 1988 पासून वापरात आले. अग्निबाणांच्या घन इंधनावर आयुष्याचा मोठा काळ खर्च केलेल्या गोवारीकरांनी 1991 ते 1993 या काळात पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार म्हणूनही जबाबदारी सांभाळली.

नव्वदचे दशक परीक्षेचे ठरले. 1989 च्या निवडणुकीनंतर सरकारे झपाट्याने बदलली. 1991 मध्ये परकीय चलनाची गंगाजळी तळाला गेली आणि विज्ञानावरील तरतुदींना कात्री लागली. सल्ला देणारे होते, पण ऐकणाऱ्या सरकारांचेच आयुष्य अल्प होते. या काळात काम जिवंत ठेवले ते तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यमापन परिषदेने, म्हणजे टायफॅकने. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली तिने 2020 पर्यंतच्या तंत्रज्ञानाचा वेध घेणारा आराखडा 1996 मध्ये प्रसिद्ध केला.

नोव्हेंबर 1999 मध्ये प्रमुख वैज्ञानिक सल्लागार हे कायमस्वरूपी पद निर्माण झाले आणि कलाम पहिले प्रमुख सल्लागार झाले. या पदामुळे संस्थेला दिल्लीत एक कायमचे कार्यालय मिळाले. परिषद विसर्जित झाली तरी कागदपत्रे आणि पाठपुरावा करणारी माणसे आता जागेवर राहणार होती. कलाम यांच्यानंतर ही जबाबदारी डॉ. आर. चिदंबरम यांच्याकडे आली. भाभा अणुसंशोधन केंद्रात कारकीर्द घडलेल्या चिदंबरम यांनी मार्च 2018 पर्यंत, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक काळ, हे पद सांभाळले. त्या काळात तीन पंतप्रधान झाले. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांना वेगवान जाळ्याने जोडणारे राष्ट्रीय ज्ञान जाल, आणि आयआयटींतील प्राध्यापकांना खेड्यातील कारागिरांच्या व शेतकऱ्यांच्या अडचणींशी जोडणारे ग्रामीण तंत्रज्ञान कृतिगट, ही त्यांच्या कारकिर्दीतील दोन कामे. एक दिसायला फार मोठे, दुसरे लहान. चिदंबरम यांनी दोन्हींकडे सारखेच लक्ष दिले. 4 जानेवारी 2025 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

2003 च्या विज्ञान व तंत्रज्ञान धोरणाने संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान 2 टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते आजही गाठता आलेले नाही. 2020-21 मध्ये हे प्रमाण 0.64 टक्के होते. परिषदेचे अध्यक्ष आणि सदस्य हा मुद्दा प्रत्येक पर्वात मांडत आले आहेत. तो मान्य झाला नाही म्हणून मांडायचे त्यांनी थांबवले नाही, हे त्यांच्या श्रेयात धरायला हवे.

2005 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विज्ञान सल्लागार परिषद पुन्हा स्थापन केली आणि जवळपास दोन दशकांनी सी. एन. आर. राव यांच्याकडेच तिची धुरा सोपवली. राव आता सत्तरी ओलांडलेले होते. तरी रोज प्रयोगशाळेत जाणारा हा माणूस दिल्लीच्या बैठकांना तितक्याच तयारीने हजर असे. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले, गिरगावात वाढलेले आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक ते सीएसआयआरचे महासंचालक असा प्रवास केलेले डॉ. रघुनाथ माशेलकर निरनिराळ्या सरकारांच्या काळात पंतप्रधानांच्या आणि मंत्रिमंडळाच्याही सल्लागार समित्यांचे सदस्य राहिले. वाहनांच्या इंधनापासून औषध नियंत्रणापर्यंत अनेक विषयांवरील सरकारी समित्यांचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

या परिषदेची महाराष्ट्राला सर्वांत जवळची फलश्रुती म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, आयसर. बारावीनंतर हुशार मुले अभियांत्रिकी आणि वैद्यकाकडे वळतात, मूलभूत विज्ञानाकडे येत नाहीत, आणि संशोधन संस्थांतील उत्तम शास्त्रज्ञांशी पदवीच्या विद्यार्थ्यांची गाठच पडत नाही, हे दुखणे परिषदेने नेमके ओळखले. शिकवणे आणि संशोधन एकाच छताखाली असलेल्या नव्या संस्थांची शिफारस तिने केली. 2006 मध्ये पुणे आणि कोलकाता येथे पहिल्या दोन आयसर सुरू झाल्या, 2007 मध्ये मोहाली, 2008 मध्ये भोपाळ आणि तिरुवनंतपुरम. पुण्यातील संस्थेचे पहिले संचालक डॉ. के. एन. गणेश राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतूनच आले होते. आरंभी स्वतःची इमारत नव्हती. पहिले वर्ग प्रयोगशाळेच्या आवारातच भरले. दुसऱ्याच्या जागेत सुरू झालेल्या त्या संस्थेचा विस्तीर्ण परिसर आता शेजारीच पाषाणमध्ये उभा आहे आणि तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी देशोदेशीच्या प्रयोगशाळांत काम करत आहेत. 2007 मध्ये नॅनो मिशनला मान्यता मिळाली. पाच वर्षांसाठी 1,000 कोटी रुपयांच्या त्या मिशनच्या परिषदेचे अध्यक्षही राव होते. संशोधनाला निधी देणारी स्वायत्त राष्ट्रीय यंत्रणा हवी, या आग्रहातून विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचा 2008 चा कायदा झाला आणि 2011 मध्ये ते कार्यरत झाले. मूळ कल्पनेइतकी स्वायत्तता आणि निधी त्याला मिळाला नाही, पण पाया घातला गेला. 2014 मध्ये राव यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले.

2018 मध्ये विकासात्मक जीवशास्त्रज्ञ के. विजयराघवन प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये पूर्वीच्या समित्यांच्या जागी पंतप्रधानांची विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष सल्लागार परिषद स्थापन झाली. तिची सदस्यसूची आधीच्या सूच्यांहून वेगळी होती. इस्रोचे माजी अध्यक्ष ए. एस. किरण कुमार आणि संरक्षण संशोधनातील व्ही. के. सारस्वत यांच्यासोबत गणितज्ञ मंजुल भार्गव, संगणकशास्त्रज्ञ सुभाष काक आणि भौतिकशास्त्रज्ञ अजय सूद तिच्यात आले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तत्कालीन संचालक संघमित्रा बंद्योपाध्याय आणि मेजर जनरल माधुरी कानिटकर या दोघी सदस्य झाल्या. पूर्वीच्या मंडळांत स्त्री शास्त्रज्ञांची उपस्थिती फार अल्प होती आणि ही उणीव दूर होण्यास बराच उशीर झाला. कानिटकर या मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या पहिल्या महिला अधिष्ठाता, पुढे लेफ्टनंट जनरल आणि 2021 मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. उद्योगक्षेत्रातून पुण्याचे बाबा कल्याणी आले.

या परिषदेने नऊ राष्ट्रीय मोहिमांची आखणी केली. भारतीय भाषांतील यांत्रिक भाषांतर, क्वांटम विज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, जैवविविधता, विद्युत वाहने, मानवी आरोग्यासाठी जीवविज्ञान, कचऱ्यातून संपत्ती, खोल समुद्राचे संशोधन आणि नवोन्मेषांना बाजारापर्यंत नेणारी ‘अग्नी’ ही मोहीम. यांतील खोल समुद्र मोहिमेला जून 2021 मध्ये आणि राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला 19 एप्रिल 2023 रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. क्वांटम मोहिमेसाठी 6,003 कोटी रुपयांहून अधिक तरतूद झाली आणि तिच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आले. भाषांतराच्या मोहिमेचा माग घेतला तर मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी काम करणाऱ्या ‘भाषिणी’पर्यंत पोहोचता येते.

2020 च्या करोना साथीने परिषदेची आणि सल्लागार कार्यालयाची कसोटी घेतली. रोज बदलणारी माहिती, अपुऱ्या चाचण्या, लसीची प्रतीक्षा आणि दुसऱ्या लाटेतले असह्य मृत्यू. अनेक निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावे लागले आणि त्यांतील काहींवर टीकाही झाली. विजयराघवन आणि त्यांचे सहकारी प्रयोगशाळा, लसनिर्माते आणि मंत्रालये यांच्यात समन्वय राखत राहिले. त्याच वर्षी सल्लागार कार्यालयाने शहरांतील संशोधन संस्था, उद्योग आणि महापालिका यांना एकत्र आणणारे ज्ञानसमूह सुरू केले. पुणे नॉलेज क्लस्टर त्यांतील एक. त्याचे घर आयुकामध्ये आहे आणि खगोलशास्त्रज्ञ अजित केंभावी यांनी त्याच्या उभारणीची धुरा वाहिली. सांडपाण्यातील विषाणूंवर लक्ष ठेवण्यापासून शहराच्या पर्यावरणापर्यंतचे प्रश्न आता तिथे हाती घेतले जातात. नारळीकरांनी उभारलेल्या वास्तूतच हे काम चालते. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले, तेव्हा ते काम पाच वर्षांचे झाले होते.

एप्रिल 2022 पासून अजय सूद प्रमुख वैज्ञानिक सल्लागार आहेत. परिषदेचे सदस्य म्हणून आधीची जवळपास चार वर्षे त्यांनी काम केले असल्याने हस्तांतर सुरळीत झाले. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा संमत केला आणि 5 फेब्रुवारी 2024 पासून तो लागू झाला. 2008 च्या कायद्याने आलेले संशोधन मंडळ या प्रतिष्ठानात विलीन झाले. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये संशोधनाला मिळावेत, विशेषतः राज्यांतील विद्यापीठांपर्यंत ते पोहोचावेत, असे या प्रतिष्ठानाचे उद्दिष्ट आहे. पंतप्रधान त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि कार्यकारी परिषदेचे अध्यक्षपद प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांकडे आहे. नियामक मंडळाची पहिली बैठक 10 सप्टेंबर 2024 रोजी दिल्लीत झाली. 1 जुलै 2025 रोजी खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तो निधीही याच प्रतिष्ठानामार्फत जायचा आहे. निवडक केंद्रीय संस्थांपलीकडे, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, अमरावती येथील विद्यापीठांच्या प्रयोगशाळांपर्यंत त्यातला किती वाटा पोहोचतो, हे पाहण्याचे काम आता सल्लागारांच्या आणि प्रतिष्ठानाच्या पुढ्यात आहे.